तेल पाजलेली चाकं

आमच्या मळणीयंत्राला वर्षातून दीड-दोन महिने काम. गहू कापून शेतात पेंढ्यांचे ढीग लागले की आमच्या ह्यांनी ट्रॅक्टरला मशीन जोडायचं आणि ह्या शेतातून त्या शेतात हिंडायचं. बाकी सगळं वर्ष ते अंगणात, गोठ्याच्या भिंतीला लागून, उन्हात उभं. त्याच्यावर चार पत्रे टाकू, टाकू म्हणता म्हणता आमचं लग्न जुनं झालं, पत्रे काही पडले नाहीत.

पण मशीनच्या त्या दोन चाकांचे लाड विचारू नका. आमच्या मामंजींनी, म्हणजे ह्यांच्या वडिलांनी, त्या टायरांवर जेवढी माया केली तेवढी पोटच्या पोरावर केली नसेल. मी तसं बोलून दाखवलं की म्हणायचे, "पोरगा स्वतःच्या पायानं चालतो, सूनबाई. मशीनला दुसऱ्यानं ओढावं लागतं. ज्याला ओढायचं त्याचे पाय आधी बघावेत."

दर आठवड्याला, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, बसायचा पाट घेऊन ते मशीनपाशी जायचे. शेजारी ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेल्या जळक्या तेलाचा डबा आणि माझ्या जुन्या लुगड्याचा बोळा. आधी दाभणानं नक्षीतले खडे आणि काटे उकरायचे. मग वाळलेला चिखल खरवडायचा. मग तळहातावर तेल घेऊन तान्ह्या पोराला चोळावं तसं टायरला चोळायचं, वरून खाली, कडेकडेनं, रिमपर्यंत. एक चाक झालं की बैलाच्या पाठीवर मारावी तशी चापट मारायची आणि म्हणायचं, "झालं. चल बाबा." चापट मारली म्हणजे चाक पास. ही त्यांची जुनी रीत. बैल, बैलगाडी, दुरुस्त केलेली खाट, काहीही असो, चापट मारल्याशिवाय काम पुरं व्हायचं नाही. ह्यांनीही ती उचललेली. ट्रॅक्टरचं बॉनेट बंद केलं की चापट, पोतं शिवून झालं की चापट. बाप तसा बेटा.

टायर नुसते झळकायचे. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, "मशीन म्हातारं, पण चाकं नवरदेव." मामंजी खाली मान घालून हसायचे आणि आणखी दोन हात फिरवायचे.

तेलाचं वेड त्यांना पहिल्यापासून. विहिरीवर कातड्याची मोट होती तेव्हा मोटेला तेल, बैलांच्या पट्ट्यांना तेल, चाबकाच्या वादीला तेल. तेल नाही मिळालं की कातडं तडकतं, आणि तडकलेलं कातडं नेमकं गरजेच्या दिवशी दगा देतं. "तेल पाजलं की वस्तू जगते," असं त्यांचं म्हणणं. दाराच्या बिजागऱ्या, विळ्यांच्या मुठी, माझं शिवणाचं मशीन, घरात त्यांच्या तेलातून सुटलेली वस्तू नव्हती. मग मळणीयंत्र आलं. टायर काळा, वाकवला तर वाकतो, उन्हात तडकतो. त्यांच्या लेखी तेही कातडंच.

आणि खरं सांगायचं तर शेवटी त्यांच्या हातात राहिलं तरी काय होतं. आधी डोळ्यांत धुकं आलं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा, गेलेलं परत येणार नाही. ह्यांनी ट्रॅक्टरची किल्ली स्वतःच्या खिशात घेतली. मग हात थरथरायला लागले, तेव्हा मशीनच्या तोंडात पेंढ्या सारायचं काम काढून घेतलं, कारण तिथं हात एकदा हुकला की हात राहत नाही. मग पोती उचलणं गेलं, मग धारा काढणं गेलं. एकेक काम हातातून सुटत सुटत टायर तेवढे राहिले. आणि माणूस असा, की "काम नसलेल्याला ताट जड होतं" हे ज्याच्या तोंडात दिवसातून दोनदा. त्यामुळे ते टायर म्हणजे नुसते टायर नव्हते. घरात बसून जेवायचा त्यांचा तो हक्क होता.

त्या वर्षी हंगाम तोंडावर आला आणि ह्यांनी मशीन उघडलं. चाळण्या काढून झटकल्या, बेअरिंगला वंगण भरलं, पट्टा ताणून बघितला. मी पाने हातात देत होते. मामंजी गोठ्याच्या पायरीवर, आमच्याकडे तोंड करून बसलेले. हवा भरायला ह्यांनी चाकाचं तोंड शोधलं, ते तेलाच्या थरात बुजलेलं, म्हणून कडेवरून फडकं फिरवलं. चकाकी फडक्याला आली आणि खालचा टायर दिसला.

"अहो, हे बघा," मी म्हटलं.

रिमच्या कडेनं भेगाच भेगा. कोरड्या दिवसांत माझ्या टाचांना पडतात तशा, आडव्या, एकीला लागून एक. ह्यांनी अंगठा दाबला. टायरचं अंग मऊ, चिकट, अंगठा रुतला तसा ठसा राहिला आणि भेगांनी तोंडं उघडली.

"उन्हाच्या आहेत," हे हळू आवाजात म्हणाले.

"आणि हे मऊ कसलं?"

"नक्षी बघ की. बोट आत जातंय. हे टायर चाललेतच किती? कोस-दोन कोस जायचं, उभं राहायचं. एवढा हंगाम निघेल. मग बघू."

"पण अहो..."

"मग बघू म्हटलं ना."

आमच्याकडे 'मग बघू' म्हटलं की विषय संपला. पत्र्यांचंही तसंच 'मग बघू' होतं. हे उठले, फडकं खांद्यावर टाकलं आणि सवयीनं टायरवर एक चापट मारली. मामंजींनी मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली.

पहिलं काम उतारावरच्या मळ्यातलं. तिथल्या शेतकऱ्याला सगळे 'आभाळबघ्या' म्हणायचे, कारण तो बोलताना माणसाकडे कमी आणि वर जास्त बघायचा. त्या वर्षी मात्र त्याचं बघणं खरं होतं. रोज दुपार कलली की ढग जमत होते. गहू कापून पडलेला, मजूर सांगितलेले, आणि एक सर आली की पेंढ्या ओल्या होऊन दाणा काळा पडणार. त्यानं आठवडाभर ह्यांच्या मागं टुमणं लावलं होतं. "तुमच्यावर भिस्त आहे बरं का. दुसऱ्याला सांगितलेलं नाही."

आम्ही निघालो. हे ट्रॅक्टरवर, मी एका बाजूच्या मडगार्डवर, दुसऱ्या बाजूला मामंजी. हंगामाच्या पहिल्या दिवशी मामंजी बरोबर यायचे, दरवर्षी. काम काही नसायचं, झाडाखाली बसून मशीनचा आवाज ऐकायचे आणि आवाजावरून पट्टा सैल झालाय का ते सांगायचे. धुतलेले कपडे घातले होते. कालव्याच्या कडेचा रस्ता, खडीचा, ऊन असं की लोखंडी मडगार्डावर मांडी ठेववेना. मामंजी अधूनमधून मागं वळून कान द्यायचे. म्हणाले, "चाकं गुपचूप येतायत. बोलत नाहीत." हे हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

वळणावर उतार लागला आणि मागं दणका झाला. झाडावरचे बगळे सगळे एकदम उठले. ट्रॅक्टर मागून कुणीतरी धरल्यासारखा थांबला, पुन्हा ओढला गेला. मशीन एका अंगावर झुकलं, रिमवर खरखरत चार हात घसरलं, आणि पेंढ्या घालायचं त्याचं तोंड कालव्याच्या दगडी काठावर आदळून चेपलं. मामंजींचा गुडघा खरचटला. बाकी कुणाला लागलं नाही, हे नशीब म्हणायचं. त्या वेळी मात्र नशीब वगैरे काही सुचलं नाही. मी नुसती त्या चेपलेल्या तोंडाकडे बघत राहिले.

मळ्यातून माणसं धावत आली. आभाळबघ्याही आला. आधी वर बघितलं, मग मशीनकडे. "आता हो?" म्हणाला.

जास्तीचं चाक आमच्याकडे नव्हतं. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला कुणीतरी दुचाकीवर बसवून आणलं. हा माणूस पोटानं मोठा आणि तोंडानं त्याहून मोठा. हात चालला नाही तरी चालेल, जीभ थांबायची नाही. जॅक लावला, दुसऱ्या चाकामागं दगड टाकला, चाक उतरवलं, आणि टायर सोडवायला पहार घातली. टायर सुटून यायच्या ऐवजी त्याची कडाच पहारीबरोबर आली, ओल्या लाकडाची साल निघावी तशी. त्यानं तो तुकडा बोटांत चुरला, नाकाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ह्याला तेल कुणी चोळलं?"

"मी," मामंजी म्हणाले. आणि पुढं आले. मला अजून ते पुढं येणं दिसतं. कौतुक होणार म्हणून माणूस पुढं येतो, तसे आले. "दर आठवड्याला. एक खेप चुकवली नाही."

पंक्चरवाला हसला. वाईट मनानं नाही, त्याला गंमत वाटली. "अहो आजोबा, रबराला तेल म्हणजे विष. पार कुजवलंत की त्याला. वरून शृंगार आणि आतून सडका." मग दुसऱ्या चाकापाशी जाऊन त्यानं ते दाबलं. "हाही गेला. तुमची माया दोघांनाही भोवली."

मजूर हसले. एक जण म्हणाला, "सुनेला सांगा, आजोबांना दुसरं काही चोळायला द्या." दुसरा म्हणाला, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." त्यावर आणखी हसले. मामंजींना आधी कळलंच नाही की हसणं कशाचं. ते तोंड इकडून तिकडं फिरवत होते, आवाज येईल तिकडं.

"मग मी दुसऱ्याचं मशीन बोलवू का?" आभाळबघ्या म्हणाला. "तसं स्पष्ट सांगा. उगीच माझा गहू भिजायला नको."

ह्यांच्या कपाळावरची शीर उठली होती. चार लोकांत मान खाली गेली की पुरुष माणूस कुठं बघेल सांगता येत नाही. हे आभाळबघ्याकडे बघेनात, पंक्चरवाल्याकडे बघेनात. बापाकडे वळले.

"ऐकलंत? तुमच्या हातांनी केलंय हे. तुमच्या हातांनी. बास झालं आता. ह्यापुढं कशाला म्हणजे कशाला हात लावायचा नाही तुम्ही."

"अहो," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं तोंडातच राहिलं. मी काय बोलणार ते ह्यांना माहीत होतं. आम्ही दोघांनी एकाच फडक्याखालच्या भेगा बघितल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. पुरते संन्यासी मामंजीही नव्हते, तेल त्यांनीच लावलेलं. पण सुळीवर एकटेच चढले.

मामंजींनी दोन्ही हात डोळ्यांजवळ नेऊन बघितले. रेघारेघांत तेल मुरलेलं, कितीही धुतलं तरी न जाणारं. मग ते हात धुतलेल्या सदऱ्याला पुसले, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं, आणि कालव्याच्या काठाकाठानं, एक हात दगडावर टेकत, घराकडे चालायला लागले. हे बघत होते. हाक मारली नाही. मी मागं जायला निघाले तर म्हणाले, "तू पाना धर."

दुसऱ्याचं मशीन दुपारनंतर आलं. रस्ता अरुंद, आमचं मशीन दगडांवर टेकवून मध्येच उभं. त्यांना वाट करून द्यायला ह्यांनाच आमच्या मशीनचा दांडा खांद्यावर उचलून बाजूला धरावा लागला. समोरचा ड्रायव्हर जाताना हॉर्न वाजवून गेला. पुढं संध्याकाळपर्यंत मळ्यातून त्याच्या मशीनचा आवाज येत होता. घरी ओसरीवर बसलेल्या मामंजींनाही तो येत असणार. आवाजावरून त्यांना कळलं असेल की मशीन आपलं नव्हे.

टायर आणायला आम्ही दोघं शहरात गेलो. दुकानात टायरांच्या चळती छताला टेकलेल्या, रबराचा वास डोक्यात जाणारा. दुकानदारानं एक टायर जमिनीवर आपटून दाखवला. ह्यांनी तो अंगठ्यानं दाबला. कडा वाकवून भेगा बघितल्या, वास घेतला, पुन्हा दाबला. मग दुसरा, मग तिसरा. दुकानदार वैतागला. "अहो, फळं घेताय का? नवे आहेत." ह्यांनी मान वर केली नाही. दुकानदारानं मग टायरवरचा बनल्याच्या सालाचा छाप दाखवला. उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर झिजून मरत नाही, वयानं मरतो, म्हणाला. काम संपलं की मशीन ठोकळ्यांवर चढवा, चाकांवर भार नको. ऊन लागू देऊ नका. हवा बघत राहा. पुसायचं तर साध्या पाण्यानं. "आणि तेलबिल काही लावू नका. काही लोक चोळत बसतात."

"माहीत आहे," हे म्हणाले.

परत येताना ट्रॅक्टरच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आबांना कुठं माहीत होतं."

"आणि तुम्हाला?"

ह्यांनी गिअर बदलला.

"बोलणार आहात का त्यांच्याशी?"

"काय बोलू?"

काय बोलायचं ते मी सांगायला हवं होतं का? जेवायला वाढायचं बायकोनं, आणि बापाशी काय बोलायचं तेही बायकोनंच शिकवायचं. मला राग आला आणि मी तोंड फिरवून बसले.

घरी मामंजींनी 'हात लावायचा नाही' ते अक्षर अन् अक्षर पाळायला घेतलं होतं. तेलाचा डबा त्यांनी कुंपणाबाहेर, कचऱ्याच्या खड्ड्याशी नेऊन ठेवला. तहान लागली तरी माठाशी जायचे नाहीत, बसून राहायचे. मी दिसले की विचारायचे, "पाणी घेऊ का?" दार लोटायचं तर "लोटू का?" वासराचं दावं सुटलं, वासरू अंगणभर उधळलं, मामंजी जागचे हलले नाहीत, तिथूनच मला हाक मारत राहिले. फाटकाची बिजागरी सुकून किंचाळायला लागली. प्रत्येक किंचाळीला त्यांचा चेहरा आक्रसायचा.

"मामा, बिजागरीला जरा तेल सोडा की," मी म्हटलं.

"त्याला विचार."

"बिजागरीला काय विचारायचं? लोखंड आहे ते."

"टायरचंही मला असंच वाटलं होतं, पोरी."

मला आधी वाटलं रुसलेत. म्हटलं, म्हातारपण म्हणजे दुसरं लहानपण, दोन दिवसांत निवळेल. पण रुसलेलं माणूस डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतं, कुणी समजूत काढायला येतंय का. मामंजी कुणाची वाट बघत नव्हते. त्यांना स्वतःच्या हातांची भीती बसली होती. जेवण अर्ध्यावर आलं. ताटातलं उरलं की म्हणायचे, "आज भूक नाही," आणि ताट उचलू का म्हणून विचारायचे.

नव्या चाकांवर मशीन उभं राहिलं. चेपलेलं तोंड लोहाराकडून ठोकून सरळ केलं. अर्धा हंगाम गेला, उरलेला आम्ही हाणला. भुश्यानं नाक भरायचं, घसा बसायचा, अंगाला कुसळं टोचायची, घरी आलं की अंग धुवायचं आणि आडवं व्हायचं. एका सकाळी निघताना ह्यांनी फाटकात ट्रॅक्टर थांबवला. मी म्हटलं, काही राहिलं का? नाही म्हणाले. इंजिन चालूच. ओसरीकडे बघत बसले. मामंजी आत होते, त्यांना ऐकू येत होतं. बाहेर आले नाहीत. हे आणखी थोडं थांबले, मग गिअर टाकला. हाक मारायला काय झालं होतं ह्यांच्या जिभेला, देव जाणे.

गहू संपला. मशीन अंगणात आलं. आणि इतकी वर्षं न झालेली गोष्ट आठवडाभरात झाली. खांब रोवले, पत्रे पडले, सावली झाली. बैल गेला आणि झोपा केला. ह्यांनी लाकडाचे ठोकळे कापून आणले, झाकायला पोती उसवून घेतली, बादली भरून ठेवली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, "आबांना बोलाव की."

"तुम्हाला तोंड नाही का?"

थोडा वेळ हातातला ठोकळा उलटसुलट करत राहिले. मग गेले. मी गोठ्यात शेण भरत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"आबा, मशीन ठोकळ्यांवर चढवायचंय. चला."

"मी काय करू तिथं?"

"ठोकळा सरकवायला माणूस लागतं."

"सूनबाई आहे की."

हे ओसरीच्या खालच्या पायरीवर बसले. चपलेचा वाळलेला चिखल नखानं काढत बसले. मला वाटलं, आता उठतात आणि 'मग बघू' म्हणतात.

"आबा," चपलेकडे बघतच म्हणाले, "भेगा मी आधीच बघितल्या होत्या. हंगामाच्या आधी. हिनंच दाखवल्या होत्या."

मामंजींनी कान ह्यांच्याकडे वळवला.

"तरी त्या दिवशी तुम्हाला..." एवढं म्हणून थांबले.

"भेगा होत्या काय," मामंजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मला त्या दिसत नाहीत रे आता. बोटालाही कळत नाहीत. तुम्ही दोघं चाकापाशी काहीतरी हळू बोलत होता, मी समोरच गोठ्याच्या पायरीवर बसलो होतो. मनात म्हटलं, काही कमीजास्त असेल तर हा सांगेल. मग तू चापट मारलीस. म्हटलं, झालं. पास."

माझ्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. ह्यांची मान इतकी खाली गेली होती की मला मागून फक्त पाठ दिसत होती. आमच्याकडची पुरुष माणसं रडत नाहीत, पाया पडत नाहीत, चार शब्द नीट बोलत नाहीत. पण त्या दिवशी हे म्हणाले. चपलेला म्हणाले, पण म्हणाले. "चुकलं माझं, आबा."

"तेल तर मीच लावलं ना," मामंजी म्हणाले. आणि भिंत चाचपत उठले.

आले ते मशीनपाशी. ह्यांनी जॅक लावला, मी ठोकळे सरकवले. चाक जमिनीपासून सुटलं आणि मोकळं होऊन हलकेच फिरलं. ह्यांनी बोळा पिळून मामंजींच्या हातात दिला. "नुसत्या पाण्यानं पुसायचं, आबा. कापड ओलं करायचं आणि पुसायचं. बाकी काही नाही." सांगताना लहान पोराला समजावतात तसा आवाज झाला, तो ह्यांचा ह्यांनाच लागला असावा, कारण पुढचं वाक्य गिळलं.

मामंजी पाटावर बसले. बोळा टायरपर्यंत नेला आणि तिथंच थांबवला, टायरला न टेकवता.

"हात लावू का?"

"लावा की, आबा."

त्यांनी पुसलं. जपून, एकाच जागी, गरम भांड्याला लावावा तसा हात. दुसऱ्या चाकापाशी गेले आणि पुन्हा थांबले. "ह्याला लावू?"

"लावा," हे म्हणाले आणि पोती आणायच्या निमित्तानं पलीकडे गेले. पोती तर माझ्याच पायाशी होती.

दोन्ही चाकं पुसून झाली. मी वाट बघत होते. हेही बघत होते, पलीकडे उभे राहून. बाकी काही नको होतं आम्हाला, एक चापट आणि 'झालं, चल बाबा'. मामंजींनी बोळा पिळला, खांबाला अडकवला, "ताट-पाट काही करायचं असेल तर सांग गं," म्हणाले आणि चाचपत ओसरीवर गेले.

त्याला आता बरेच दिवस झाले. चाकं चांगली आहेत, भेग नाही, ऊन नाही, भार नाही. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मामंजी बादली घेऊन पत्र्याखाली जातात, पाटावर बसतात आणि ह्यांना हाक मारतात. हे असतील तिथून, हातातलं टाकून येतात. "हात लावू का?" "लावा, आबा." प्रत्येक चाकाला एकदा. आधी मला वाटायचं, हळूहळू विचारायचं बंद होईल. ह्यांनाही वाटायचं. एकदा तर वैतागून म्हणाले, "आबा, कितीदा विचारता, तुमचीच चाकं आहेत ती." मामंजी म्हणाले, "तुझे डोळे आहेत ना रे. म्हणून विचारतो."

परवा हे सकाळीच बाहेरगावी गेले होते. मामंजींनी बादली नेली, पाट मांडला, बोळा भिजवला, आणि हाक मारली. मी गेले. म्हटलं, "ते संध्याकाळी येतील. मी सांगते ना, मामा. लावा हात."

"त्याला येऊ दे," मामंजी म्हणाले, आणि ओला बोळा बादलीच्या काठावर ठेवून, दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिले.